पुराआधी भरून ठेवायची पिशवी : जीव वाचवणारे साहित्य कसे निवडावे

आपत्कालीन साहित्य शोधायला बसलात की आधी दिसतात ते दातेरी पात्यांचे मोठे चाकू, लष्करी रंगाच्या पाठपिशव्या, ठिणगी पाडायच्या कांड्या आणि घडीची कुऱ्हाड. यातले बरेचसे सामान जंगलात एकट्याने राहू पाहणाऱ्या धडधाकट माणसासाठी बनलेले असते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी, चिपळूण-महाडच्या बाजारपेठेत किंवा सह्याद्रीच्या उतारावरच्या वाडीत संकट येते तेव्हा घरात म्हातारी आई असते, कडेवर मूल असते, गोठ्यात म्हैस असते आणि दारात पाणी असते. तिथे जीव घेतात ते वाहते पाणी, पाण्यात उतरलेली वीज, अंधार, साप आणि नंतर पोटात गेलेले घाण पाणी. स्वसंरक्षण करायचे ते आधी यांच्यापासून.

म्हणून कुठलीही वस्तू घेताना कसोटी एकच लावा. मिट्ट अंधारात, ओल्या हाताने, घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला ती सापडेल का आणि वापरता येईल का? या कसोटीला उतरणारी शिट्टी हजारो रुपयांच्या चाकूपेक्षा मोलाची आहे. पुढची सगळी निवड याच प्रश्नावर उभी आहे.

पहिली पायरी : तुमच्याकडे पाणी कसे येते ते बघा

सांगली-कोल्हापूरचा पूर बहुतेक वेळा सांगून येतो. पाणी पायरी-पायरीने चढते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळचे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते यावर विसंबलेली अनेक घरे त्या वर्षी अडकली. इथे तुमच्या हाती वेळ असतो, त्यामुळे पिशवी बाहेर पडण्यासाठी भरायची आणि इशारा पातळी गाठली की निघायचे.

कोकणात तसे नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली, वाशिष्ठीचे पाणी झपाट्याने चढले आणि लोक वरच्या मजल्यांवर, छपरांवर अडकून पडले. अशा गावात सामान तळमजल्याच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. ते माळ्यावर किंवा गच्चीच्या जिन्याच्या टोकाशी हवे आणि त्यात दोन-तीन दिवस जागेवरच काढता येतील एवढे पाणी व खाणे हवे.

दरडीचा धोका सर्वांत कठोर. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. डोंगर खाली आला की कुठलेही साहित्य वाचवत नाही. लवकर बाहेर पडणे हेच साधन. जमिनीला नवी भेग पडली, झाडे-खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर पिशवी न शोधता निघा. दरड आणि भूकंप, दोन्हींसाठी उशाशी तीनच वस्तू पुरतात : चपला नव्हे तर बूट, टॉर्च आणि गळ्यात घालायची शिट्टी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, माणसे झोपेत होती. ढिगाऱ्याखालून ओरडणाऱ्याचा घसा लवकर बसतो. शिट्टीला फक्त श्वास लागतो.

घर नदीकाठच्या शहरात असेल तर पाटबंधारे विभागाने आखलेल्या पूररेषा नगरपालिकेत पाहून या. निळ्या रेषेच्या आत सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी पोचते, लाल रेषेच्या आत १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत राहत असाल तर पुढची यादी दर पावसाळ्याआधी पूर्ण हवी.

अंगावर काय असावे

इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण सर्वांत जास्त चुकीची खरेदी इथेच होते.

गमबूट पुरासाठी घेतले जातात आणि पुरातच धोक्याचे ठरतात. पाणी गुडघ्याच्या वर गेले की ते बुटात भरते आणि प्रत्येक पाऊल जड होते. वाहत्या पाण्यात पाय पटकन उचलता आला नाही तर तोल जातो. स्लिपर पहिल्याच मिनिटाला वाहून जाते आणि मग काच, पत्रा, खिळे यांवरून अनवाणी चालावे लागते. पाण्यातून बाहेर पडण्यासाठी नाडीचे कॅनव्हास बूट किंवा टाचेला पट्टा असलेली घट्ट सँडल घ्या. गमबूट जरूर घ्या, पण पूर ओसरल्यानंतर चिखल काढण्यासाठी. त्या वेळी रबरी हातमोजेही लागतात.

रेनकोट भडक रंगाचा असावा. नारिंगी किंवा पिवळा रंग बोटीतून आणि हेलिकॉप्टरमधून दिसतो; काळा, खाकी, हिरवा दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तासन् तास ओल्या कपड्यात राहिलेल्या लहान मुलांना आणि वृद्धांना थंडीने हुडहुडी भरते, म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा जोड आणि एक चंदेरी फॉइलचे ब्लँकेट ठेवा. ते घडी केल्यावर मुठीत मावते.

लाइफ जॅकेट विकत घ्यावे का? नदीकाठच्या सखल भागात राहत असाल, तर हो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. बोटीत बसवणाऱ्यांकडे सर्वांना पुरतील एवढी जॅकेटे असतीलच असे धरून चालू नका. जॅकेटवर तरणशक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आहे. न पोहणाऱ्याने किमान १०० न्यूटनचे घ्यावे, म्हणजे साधारण १० किलोचा आधार मिळतो. मुलांचे जॅकेट वयावर नव्हे, वजनावर निवडा आणि पायांमधून जाणारा पट्टा आहे का ते पाहा. दुकानातच घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्या कुणाला तरी खांद्यांवरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत वर सरकले तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मोठ्याचे जॅकेट मुलाला घालणे म्हणून धोक्याचे.

जॅकेट परवडत नसेल तर गावाकडची जुनी अक्कल कामाला येते. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा किंवा सुक्या भोपळ्याची सांगड बांधतात, तत्त्व तेच. झाकण घट्ट बसणारा रिकामा पाच लिटरचा कॅन जवळपास पाच किलोचा आधार देतो. पण शिकताना बांधतात तसा तो पाठीवर बांधू नका. हातपाय थकले की पाठीवरचा डबा माणसाला पालथा करतो आणि तोंड पाण्यात जाते. दोन कॅन छातीवर, काखेच्या जरा खाली, रुंद पट्ट्याने बांधा. ही व्यवस्था बोटीची वाट पाहताना किंवा अगदीच पाणी अंगावर आल्यावरची आहे. तिच्या भरवशावर पाण्यात उतरायचे नाही. वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर, सुमारे १५ सेंटिमीटर असले तरी धडधाकट माणसाचा पाय निसटू शकतो, आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते.

दोर घ्यायचा तर पाण्यावर तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा, बोटाएवढा जाड, १५ ते २० मीटर. नायलॉनचा दोर मजबूत असतो, पण भिजून बुडतो आणि पाण्यातल्या माणसाला दिसत नाही. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने कुजते, म्हणून पिशवीत झाकून ठेवा. वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला गाठ मारून दोर कधीही बांधू नका. दोर ताणला गेला की पाण्याचा जोर त्याच माणसाला खाली दाबतो. दोर फेकायचा असतो, पकडायचा असतो.

आणि एक काठी. साधी, खांद्याएवढी, वेळूची. पाण्याखालचे गटार, खड्डा, तार, साप यांचा अंदाज पायाने घेण्याऐवजी काठीने घ्यायचा.

उजेड, आवाज आणि फोन

हातातल्या टॉर्चपेक्षा डोक्याला बांधायची टॉर्च घ्या, कारण दोन्ही हात मुलासाठी, काठीसाठी, कठड्यासाठी मोकळे लागतात. दोनशे ल्युमेन उजेड घरातून आणि गल्लीतून बाहेर पडायला भरपूर आहे. हजारांचे आकडे सांगणारी टॉर्च लवकर बॅटरी संपवते. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिले असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवी. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारी टॉर्च घ्या आणि सेल बाहेर काढून, वेगळ्या पिशवीत, टॉर्चलाच बांधून ठेवा. आत राहिलेले सेल पाझरतात आणि टॉर्च निकामी होते. मेणबत्ती टाळा. पुराच्या पाण्यावर डिझेल-पेट्रोलचा तवंग असतो, सिलिंडर हललेले असतात.

शिट्टी बिनगोळीची प्लॅस्टिकची. आत गोळी असलेली शिट्टी पाण्याने किंवा चिखलाने अडकते, धातूची गंजते. घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात एक, आणि खूण ठरलेली : तीन फुंका, थांबा, पुन्हा तीन.

दहा हजार एमएएच लिहिलेल्या पॉवर बँकेतून फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात, हे धरून हिशेब करा. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण नसलेली पॉवर बँक घरात आणू नका. पिशवीतच पेट घेणारे साहित्य कुणाला हवे? टॉवर बंद पडू लागले की बोलणे तुटते पण एसएमएस बऱ्याचदा जातो. इंटरनेट नसले तरी फोनला आपले अक्षांश-रेखांश कळतात, ते आकडे एसएमएसने कसे पाठवायचे हे घरातल्या शाळकरी पोरालाही येऊ द्या. नंबर कागदावर हवेत : ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, आणि तुमचे तलाठी, सरपंच किंवा नगरसेवक. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ आणि इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ही ॲप पावसाळ्याआधीच टाका. शिवाय सेलवर चालणारा छोटा रेडिओ ठेवा. फोन मेल्यावर धरणाचे दरवाजे किती उघडले हे कळायला आकाशवाणीच उरते.

पाणी आणि खाणे

पिण्यासाठी आणि तोंड धुण्यापुरते माणशी दिवसाला तीन-चार लिटर. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो, तो जिन्यावरून कोण नेणार? एक आणि पाच लिटरच्या बाटल्या-कॅन भरा.

पुराच्या पाण्यासाठी स्ट्रॉसारखे फिल्टर विकले जातात. ते जिवाणू अडवतात, पण त्यांतले बहुतेक विषाणू अडवत नाहीत आणि मिसळलेले डिझेल किंवा शेतातले कीटकनाशक तर अजिबात काढत नाहीत. गावभर वाहिलेले पाणी गाळून पिण्यापेक्षा पागोळ्याचे पाणी धरा. पहिला पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, मग स्वच्छ भांडे लावा. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून क्रम असा : चार पदरी सुती कापडातून गाळा, तुरटीने निवळा, वरचे पाणी वेगळे काढा, मग क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. ग्रामपंचायती वाटतात त्या मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचेही तसेच. इंधन असेल तर खळखळून उकळणे सर्वांत खात्रीचे.

खाण्याला चूल लागू नये, एवढेच. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, गूळ-शेंगदाणे, बिस्किटे, सातूचे पीठ. भडंग आमच्याकडे सगळ्यांच्या आवडीचा, पण तिखट-खारट खाल्ले की पाणी जास्त लागते. त्याऐवजी साधे चिरमुरे न्या. तान्ह्या बाळाला अंगावरचे दूध चालू ठेवणे हेच सर्वांत सुरक्षित.

औषधे आणि साप

रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिट्स यांची पंधरा दिवसांची औषधे चिठ्ठीसह. इन्सुलिनची वापरात असलेली कुपी सुमारे चार आठवडे थंड खोलीच्या तापमानाला टिकते; ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवा, बर्फाला चिकटवू नका. ओआरएसची पाकिटे भरपूर. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पॅरासिटामॉल, पोव्हिडोन आयोडीन, गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, सॅनिटरी पॅड. धनुर्वाताचे इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा. गुडघाभर पाण्यातून चालला असाल, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापासाठीच्या गोळीबद्दल आरोग्य केंद्रात लगेच विचारा. मनाने घेऊ नका.

पाणी चढले की साप उंचावर येतात, म्हणजे माळ्यावर, रचलेल्या लाकडांत, तुमच्याच अंथरुणात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी सापांवर आपल्याकडची सर्पविषप्रतिबंधक लस चालते. दुकानात मिळणारा ‘सर्पदंश किट’, ज्यात पाते आणि चोषणी असते, तो घेऊ नका. चिरणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे, सगळे घातक आहे. अंगठी-जोडवी काढा, हातपाय हाडमोडीला बांधतात तसा फळीला बांधून स्थिर ठेवा आणि सरकारी रुग्णालय गाठा. खरे साधन आहे मच्छरदाणी, गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि कधीकधी जखम दिसतही नाही.

माणसांपासून संरक्षण

याबद्दल बोलायला लोक संकोचतात. विशेषतः बायका-मुलींबरोबर निवारा केंद्रात राहायचे असेल तर हा विचार आधीच हवा. तिथेही पहिले साधन शिट्टी आणि डोक्याची टॉर्च, आणि रात्री स्वच्छतागृहाकडे दोघींनी मिळून जाण्याचा ठरलेला नियम. मिरपूड स्प्रे आपल्याकडे परवान्याशिवाय मिळतो. पण शाळेच्या बंद वर्गात तो फवारला तर शेजारची बाळे आणि दमेकरी गुदमरतील, म्हणून तो मोकळ्या जागेसाठी. वाऱ्याची दिशा बघून. बाटलीवरची मुदत तपासा.

मोठी हत्यारे आणू नका. घरगुती किंवा शेतीच्या वापराची नसलेली, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्र कायद्याच्या यादीत येतात, आणि गर्दीच्या निवाऱ्यात ती तुमच्याच माणसांना धोका आहेत. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, पण तो हल्ला परतवण्यापुरता. घडीचा, लॉक होणारा छोटा चाकू मात्र जरूर ठेवा : दोर कापायला, सीटबेल्ट कापायला, आणि गोठ्यातले दावे कापायला. दावणीला बांधलेले जनावर चढत्या पाण्यात जागच्या जागी बुडते. नेता येत नसेल तर मोकळे सोडा.

चोरीच्या भीतीने माणसे घर सोडत नाहीत आणि तिथेच अडकतात. यावर उपाय आहे तो दोन चांगली कुलपे, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये जूनमध्येच, आणि निघताना प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ. पंचनाम्याच्या वेळी तो उपयोगी पडतो. निघण्याआधी वीज मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करा, इन्व्हर्टरही. फक्त हात आणि जमीन कोरडी असेल तरच. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर बांधून ठेवा, नाहीतर तो तरंगत जातो.

गाडीत हाताशी काच फोडायची हातोडी असावी. ती बाजूच्या काचेवर, कोपऱ्यात मारायची. समोरची काच फुटून मोकळी होत नाही. पण पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही.

कागदपत्रे आणि पिशवी

आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, विमा यांच्या प्रती जाड पॉलिथीनमध्ये, आणि मूळ प्रती डिजिलॉकरवर जमतील तेवढ्या. थोडी रोकड, दहा-पन्नासच्या नोटांत. पूरग्रस्त गावात यूपीआय चालेलच असे नाही.

पिशवी २५-३० लिटरची पाठपिशवी, माणशी एक, लहान मुलाची त्याच्या मापाची. वजन उचलणाऱ्याच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे नको. आत जाड पिशवीचे अस्तर, तोंड पिळून, दुमडून, रबराने आवळलेले. पाण्यातून जाताना छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पाय घसरला तर पिशवी झटकता येते. लगेच लागणाऱ्या वस्तू, म्हणजे टॉर्च, शिट्टी, औषधे, वरच्या कप्प्यात. पिशवीवर नाव, गाव आणि रक्तगट लिहा.

सगळे एकदम घ्यायची गरज नाही. या महिन्यात शिट्ट्या, टॉर्च, औषधे, कागदपत्रांच्या प्रती, नंबरांचा कागद. पुढच्या महिन्यात बूट, रेनकोट, पाण्याचे कॅन, क्लोरीन. मग रेडिओ, पॉवर बँक, दोर. जॅकेट शेवटी, पण नदीकाठी असाल तर याच वर्षी.

मेच्या मध्यावर पिशवी उपसा. औषधांची आणि खाऊची मुदत बघा, मुलांचे बूट-जॅकेट लहान झाले का पाहा, पॉवर बँक चार्ज करा. मग एका संध्याकाळी घरातले दिवे घालवून सगळ्यांना दाराबाहेर पडायला सांगा, आजीलाही. जी वस्तू तिला सापडली नाही तिची जागा बदला. जी उघडली नाही तिच्याजागी सोपी आणा.